कपाळ रुंद होतं

कोल्हापूर, १४ सप्टेंबर

आई,

तुझे कान मला आठवत नाहीत. आज दिवसभर आठवून पाहिले, नाही आले.

हे पत्र आकाराममामानं दिलेल्या पत्त्यावर टाकतेय. पाकिटावर पाठीमागं माझं नाव घालायचं नाही असं त्यानं बजावलंय, म्हणून घातलेलं नाही. तिथं संकेश्वरात तुला कुणी विचारलं तर भावाचं आहे म्हण. फोन नंबरही मामाकडं होता, पण तो फोन घरातल्या सगळ्यांच्या हातात असतो म्हणाला. शिवाय फोनवर मला बोलता आलं नसतं. तू 'हॅलो' म्हटलं असतंस आणि मी ठेवून दिला असता.

तू त्या माणसाबरोबर गेलीस तेव्हा मी अकरावीत होते. आता कोल्हापुरात चित्र-शिल्पाच्या कॉलेजात शिल्पकलेच्या शेवटच्या वर्षाला आहे. आण्णा वारणानगरातच, डेअरीत. कॉलनीतली खोलीही तीच. त्यांचं बरं आहे. माझंही बरं आहे. राजारामपुरीत कॉट बेसिसवर राहते, मेसचा डबा आहे, मैत्रिणी आहेत.

भांडायला लिहीत नाही. काम आहे. सरांनी शेवटच्या वर्षाला व्यक्तिशिल्प लावलंय, म्हणजे एका माणसाचं मातीतलं डोकं, खऱ्या मापाचं. माणूस ओळखीचा हवा, रोज समोर येऊन बसणारा हवा. वर्गात आम्ही मोजकेच, त्यात मुलगी मी एकटी. राजवर्धनची आजी येऊन बसते, तंबाखू मळत. दुसऱ्या एकाचे वडील येतात. सरांनी मला विचारलं, "तुझं कोण बसणार?" मी म्हटलं, आई. का म्हटलं ते माहीत नाही. तोंडातून गेलं.

सर म्हणाले, "मग आण की त्यांना."

मी म्हटलं, त्या लांब असतात.

आता लोखंडी सळीवर सुतळी गुंडाळून सांगाडा उभा केलाय आणि त्यावर मातीचा नुसता गोळा आहे. तुझे फोटो घरात नाहीत. तू गेल्यावर आण्णांनी सगळे बंबात घातले, लग्नाचा अल्बमसुद्धा. त्या दिवशी अंघोळीचं पाणी लई कडक तापलं होतं.

फोटो पाठव. एक समोरून आणि एक बाजूनं. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

पूर्णिमा

कोल्हापूर, ६ ऑक्टोबर

आई,

फोटो आला नाही. मी रोज घरमालकिणीला टपालाचं विचारते. ती म्हणते, "आताच्या काळात टपाल कुणाला येतंय ग? लाइटबिल सोडून."

सरांनी आम्हाला आणखी एक काम लावलंय. काम करणाऱ्या कलावंतांच्या स्टुडिओत जायचं, नुसतं बसायचं, बघायचं. बाकीची मुलं एकत्र ठरवून जातात, फोटो काढून येतात. मी एकटी गेले, उचगावच्या बाजूला उदयसिंहकाकांच्या शेडवर. ते पुतळे करतात. चौकातले, शाळांच्या आवारातले, सगळ्या जातींचे पुतळे. शेडमध्ये शिरल्याबरोबर फायबरचा उग्र वास, आणि कोपऱ्यात घोड्याचे नुसते चार पाय उभे. वरचा घोडा अजून व्हायचा होता.

काका पहिल्या दिवशी बोललेच नाहीत. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "आलीसच हाईस तर ती माती मळ." मग मी माती मळत राहिले. माणसाच्या शेजारी बसून न बोलता काम करायचं, हे मला फार दिवसांनी मिळालं.

परवा तिथं एका गावातली मंडळी आली होती. त्यांच्या दूधसंस्थेचे जुने चेअरमन वारले, त्यांचा अर्धपुतळा व्हायचाय. मातीतलं काम पास करायला दोन मुलगे आणि त्यांची आई, धोंडुबाई, अशी आली. मुलगे मोबाइलवरचे फोटो पुढं करत होते. "काका, फेटा जरा उंच." "मिशी भरून घ्या." आई खुर्चीत बसून होत्या, काही बोलेनात.

काकांनी शेवटी विचारलं, "वहिनी, तुमी सांगा. जमलंय का?"

त्या म्हणाल्या, "ह्यो लई शाना दिसतोय."

मुलं हसली. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आमचं मालक ऐकताना मान कलती करायचं. ह्या अंगाला. उजव्या कानानं कमी यायचं त्यास्नी. गावात कुणाला ठावं न्हवतं. लोकांस्नी वाटायचं, चेअरमन लई मन लावून ऐकत्यात."

मुलग्यांना पण ठाऊक नव्हतं. एकमेकांकडं बघायला लागले.

काकांनी मानेखालून तार फिरवली, माती कापली, पाचर घातली आणि डोकं अंगठाभर कलतं केलं. तेवढंच. आणि धोंडुबाईंनी पटकन डोक्यावरचा पदर पुढं ओढला. नवरा घरात आल्यावर बायका ओढतात तसा.

ती मंडळी गेल्यावर काका हात धुताना म्हणाले, "फोटोत नुसतं तोंड असतंय पोरी. माणूस ज्यानं सोसलंय त्याच्याकडं असतंय. तू कुणाचं करतीयास?"

मी म्हटलं, आईचं. गेली.

ते म्हणाले, "अरेरे." त्यांना वाटलं, वारली. मी दुरुस्त केलं नाही.

पूर्णिमा

कोल्हापूर, २ डिसेंबर

आई,

तुझं डोकं झालंय असं मला वाटत होतं. नाक, ओठ, हनुवटी, सगळं जागच्या जागी. सर म्हणाले, "शरीरशास्त्र बरोबर आहे. बाई कुठं आहे?"

खरं सांगायचं तर मला तुझं तोंड येत नाही, पाठ येते. भाकरी थापतानाची पाठ, नळावर वाकलेली पाठ. तू आमच्याकडं पाठ करूनच कामं करायचीस. त्या दिवशी रिक्षात बसलीस तीही मी पाठीमागूनच बघितली. पाठीचं शिल्प कोण करतं?

मैत्रिणी आहेत असं लिहिलं होतं, तेही खरं नव्हतं. खोलीतल्या दोघी स्पर्धा परीक्षेच्या, पहाटे अभ्यासिकेत जातात त्या झोपायलाच येतात. रविवारी मी कॉलेजात जाते, शिल्पाच्या शेडची किल्ली शिपायाकडून घेते आणि तुझ्या डोक्यावरचं फडकं भिजवते. माती सुकली की तडे जातात, म्हणून ओलं फडकं आणि त्यावर प्लॅस्टिक घालायचं असतं. ते काम काही रविवारी करायलाच पाहिजे असं नाही. शनिवारी जाताना नीट भिजवलं तरी सोमवारपर्यंत राहतं. पण रविवारी जायला कुठं तरी हवं असतं.

आता जे झालं ते लिहिते. गेल्या आठवड्यात आण्णा अचानक कॉलेजात आले. ते आजवर कधी आले नव्हते. डेअरीच्या कसल्याशा कामानं कोल्हापुरात आले होते, तुपाची बरणी आणि शेंगाचटणी घेऊन. दुपारची वेळ, मुलं जेवायला गेलेली. बूट दाराबाहेर काढून आत आले, देवळात आल्यासारखे.

म्हणाले, "बघू तरी काय करतीयास दिवसभर."

मी म्हटलं, अजून झालं नाही. राजवर्धनच्या आजीचं दाखवते, ते बघा. पण तोवर त्यांनी प्लॅस्टिक आणि फडकं उचललं होतं.

मला वाटलं, आता हे निघून जातील. किंवा हातानं दाबून टाकतील. ओली माती, एका तळहातानं झालं असतं. शेडमध्ये दुसरं कुणी नव्हतं. मी त्यांच्या हाताकडंच बघत राहिले.

ते वाकून बघायला लागले. मग म्हणाले, "कपाळ असं न्हवतं."

मी म्हटलं, काय?

"कपाळ रुंद हुतं तिचं. हे चिंचोळं केलंयस तू. चार बोटं मावायची." आणि स्वतःच्या कपाळावर चार बोटं आडवी ठेवून दाखवली. "डोस्कं धरायचं तिचं. बाम मीच लावत हुतो."

आई, तू गेल्यापासून तुझ्याबद्दल त्यांच्या तोंडून आलेले हे पहिले शब्द.

मी कपाळावर माती चढवायला लागले. ते स्टूल ओढून बसले. "आता बराबर." मग म्हणाले, "डावी भुवई मधनं तुटल्याली. लहान असताना विहिरीच्या काठावर पडलीवती." मी भुवई तोडली. कान विचारले. "बारकं. वरनं डोस्क्याला चिकटल्यालं. तुझं न्हाईत का, तसंच." मला माझे कान तुझे आहेत हे माहीतच नव्हतं. मुलं जेवून आली, आण्णांना नमस्कार करून आपापल्या कामाला लागली, तरी ते बसून होते. त्यांची एसटी चुकली. पुढचीही चुकली.

ओठांशी आले तेव्हा मी विचारलं, "आण्णा, हसलेली करू का?"

ते म्हणाले, "नको. हसल्याली मला आठवत न्हाय."

आणि उठून बूट घालायला गेले.

एवढंच लिहायचं होतं. फोटो आता नको.

पूर्णिमा

कोल्हापूर, १९ जानेवारी

आई,

तू प्लॅस्टरमध्ये आलीस.

साचा काढताना मातीचं काम मोडतंच. वरून प्लॅस्टर चढवायचं, ते घट्ट झालं की आतली माती खरवडून काढायची, मग त्या पोकळ साच्यात पुन्हा प्लॅस्टर ओतायचं आणि शेवटी छिन्नीनं साचाच फोडायचा. म्हणजे एकच नग निघतो. चुकलं तर काहीच उरत नाही. राजवर्धन म्हणाला, "मदत करू का ग?" मी नको म्हटलं. नंतर वाईट वाटलं, कारण इतक्या दिवसांत तो पहिल्यांदाच आपण होऊन बोलला होता. पण ते फोडायचं काम मला एकटीलाच करायचं होतं. साच्याचा आतला पापुद्रा निळसर रंगवलेला असतो, निळं दिसलं की छिन्नी हलकी धरायची. आधी निळ्यातून नाक बाहेर आलं. मग तुटकी भुवई.

सरांनी बघितलं. भोवती एक फेरी मारली. मग म्हणाले, "आता बाई आली."

वार्षिक प्रदर्शनात हे दरवाज्यासमोर मधोमध ठेवायचं ठरलंय. तिथून ते राज्याच्या प्रदर्शनाला जाणार. आमच्या शेडमधून कुणाचंच अलीकडं गेलेलं नाही. वर्तमानपत्रवाले उद्घाटनाच्या आधीच येऊन फोटो काढणार आहेत, माझा आणि त्याचा शेजारी शेजारी. खाली चिठ्ठी असेल: 'माझी आई'. तो पेपर तिकडं निपाणी-संकेश्वरातही येतो. तू बघशील.

आज पहिल्यांदा चहाच्या टपरीवर सगळ्यांबरोबर थांबले. बिल सरांनी दिलं.

पूर्णिमा

कोल्हापूर, ३ फेब्रुवारी

आई,

तू फोन ठेवल्यापासून मी जेवलेली नाही. हे तुला दुखवायला लिहीत नाही, डबा तसाच आहे एवढं सांगतेय.

अनोळखी नंबर बघून मला वाटलं, कुरिअर. माझा नंबर तुला मामानंच दिला असणार. आणि तू म्हणालीस, "पुनी? मी बोलतोय." मला तुझा चेहरा आठवत नव्हता, पण आवाज एका शब्दात ओळखला. पुनी म्हणणारं दुसरं कुणी नाही.

मला वाटलं, बघायला येते म्हणशील.

तू म्हणालीस, "पत्रं मिळाली सगळी. पुनी, त्ये पेपरात घालू नगंस."

मी विचारलं, का?

"हिकडं ह्यांच्या पोरीचं जमायला लागलंय. स्थळ निपाणीचं हाय. त्यास्नी ठावं न्हाय मी आधी कुठं हुतो. ह्यांची पहिली बायकूच समजत्यात मला, पोरीची सख्खी आई. माझं तोंड पेपरात आलं, खाली तुझं नाव, वारणानगर... समदं मोडंल. पोरीचा काय दोष हाय?"

मी म्हटलं, "आणि माझा काय होता?"

मागं मिक्सर चालू होता, तेवढा ऐकू येत होता. तू शेजारणीकडून फोन केला होतास बहुतेक.

मग तू हळू आवाजात विचारलंस, "कपाळाचं... खरंच त्यांनी सांगितलं?"

मी हो म्हटलं.

"ध्यानात हाय व्हय त्यांच्या," म्हणालीस आणि फोन ठेवलास.

आई, मी ऐकणार नाही. ते शिल्प माझं आहे. हात माझे, माती कॉलेजची, आठवण आण्णांची. तुझं त्यात काय आहे? तू फोटोसुद्धा पाठवला नाहीस. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा काही तरी मधोमध ठेवलं जातंय, आणि तू इतक्या वर्षांनी फोन करतेस तो ते उचलून ठेव म्हणायला.

पूर्णिमा

कोल्हापूर, १२ फेब्रुवारी

आई,

मागचं पत्र रागात टाकलं. टाकल्यावर पेटीत हात घालून बघितला, पण पेटीचं तोंड बारीक असतं.

सरांना मी सांगितलं की आईची परवानगी नाही. कारण सांगितलं नाही. ते आधी चिडले. "अगं, लोक पाया पडतील असं काम झालंय. चिठ्ठी बदलू. 'माझी आई' काढू, नुसतं 'स्त्री' लिहू." मी मान हलवली, पण चिठ्ठी बदलून तुझी तुटकी भुवई कशी बदलणार? निपाणीच्या त्या लोकांनी तुला बघितलेलं आहे.

स्टुडिओ बघायच्या कामातला शेवटचा स्टुडिओ राहिला होता, पेठ वडगावला आक्काताईंचा. त्या हायस्कूलवर चित्रकला शिकवायच्या, आता सत्तरीच्या आहेत. नवऱ्याच्या खत-बियाण्याच्या दुकानावर माडी आहे, तिथं चित्रं काढतात. जिना चढताना युरियाचा वास आणि वर तैलरंगाचा. मोठमोठी चित्रं, सगळी घरातल्या बायकांची. कुणी शेंगा फोडतंय, कुणी केस विंचरतंय.

मी विचारलं, "तुम्हाला इथं एकटं वाटत नाही?"

त्या म्हणाल्या, "एकटं वाटायलाच वर येतो की मी. खाली दिवसभर 'च्या झाला का, च्या झाला का'. स्टुडिओ म्हंजे काय, जितं तुला कुणी च्याचं इचारत न्हाय ती जागा."

मग मी त्यांना तुझी सगळी गोष्ट सांगितली. सगळी म्हणजे सगळी, आण्णांचा बंब, संकेश्वर, निपाणीचं स्थळ. उदयसिंहकाकांना सांगता आली नव्हती ती. आणि विचारलं, चेहरा कुणाचा असतो? ज्याचा आहे त्याचा, की ज्यानं केला त्याचा?

आक्काताईंनी स्वतःचं सांगितलं. तरुणपणी त्यांनी आपल्या धाकट्या जावेचं चित्र काढलं होतं. दुपारी जेवणं आवरून ती माजघरात झोपायची, तोंड उघडं, पदर बाजूला पडलेला, दमून. ते चित्र मुंबईला गेलं, बक्षीस मिळालं, कुणीतरी विकत घेतलं. वर्षभरानं एका पाहुण्यानं ते एका मासिकात छापलेलं घरी आणून दाखवलं.

"सासऱ्यानं कौतुक केलं. दीर हसला. जाऊ काय बोलली न्हाय. भांडी घासताना मला एवढंच म्हणाली, 'आक्का, मी झोपल्यावर तुमी माझ्याकडं बघत बसला हुतासा व्हय?' त्या दिवसापास्नं ती आतनं कडी लावून झोपायला लागली. मरंपतोर."

मी म्हटलं, मग ते चित्र काढायला नको होतं असं वाटतं का?

"चित्र चांगलं हुतं," त्या म्हणाल्या. "अजून म्हणतो, माझं त्याच्याएवढं चांगलं पुन्हा झालं न्हाय. आणि जाऊ बी चांगली हुती. दोन्ही खरं हाय. तू काय करायचं ते मी न्हाय सांगणार. मला इचारू नगंस."

चहा त्यांनी दिला नाही. मला ते आवडलं.

येताना एसटीत खिडकीशी बसून निपाणीला जिचं जमतंय त्या मुलीचा मी विचार केला. मी तिला बघितलेलं नाही. तिचं नाव तू सांगितलं नाहीस. पण ती तुला आई म्हणते आणि तू तिच्यासाठी दुसऱ्याच्या घरून फोन करतेस, म्हणजे तुला तिची काळजी आहे. माझ्यासाठी तू असं कधी केलं असतंस का, हा विचार वडगाव सुटल्यापासून टोलनाक्यापर्यंत केला आणि मग सोडून दिला.

शिल्प प्रदर्शनाला जाणार नाही. परीक्षकांनी शेडमध्ये दार लावून बघितलं, गुण दिले, तेवढं पुरे. मधल्या जागी आता राजवर्धनची आजी बसणार आहे. ते कामही चांगलं आहे. सर माझ्याशी नीट बोलत नाहीत.

पूर्णिमा

कोल्हापूर, २ मार्च

आई,

प्रदर्शन झालं. मी दारातल्या टेबलावर बसून येणाऱ्यांची नावं लिहून घेत होते. राजवर्धनच्या आजीचा फोटो पेपरात आला. ती स्वतः बघायला आली होती, आणि आपल्याच डोक्यापुढं उभी राहून म्हणाली, "ह्या म्हातारीला तंबाखू द्या कुणीतरी." सगळे हसले, मीही हसले. मग मागच्या शेडमध्ये गेले. तू तिथं कपाटाच्या आडोशाला होतीस, पोत्यावर, तोंड भिंतीकडं. तसं मीच ठेवलं होतं. थोडा वेळ तिथंच बसले.

परीक्षेनंतर कामं घेऊन जा म्हणून नोटीस लागली. माझ्या खोलीत कॉटखाली ट्रंक आहे, तुला ठेवायला जागा नाही. फोडून टाकायचं मी ठरवलं होतं. सगळीच मुलं जुनी प्लॅस्टरं फोडतात, त्यात नवल काही नाही. पण फोडायच्या आधी आण्णांना फोन केला. तुझा फोन आल्याचं त्यांना तोवर सांगितलं नव्हतं. सगळं सांगितलं. तू नको म्हणालीस, तिकडच्या मुलीचं जमतंय, म्हणून दाखवलं नाही.

ते म्हणाले, "बराबर हाय तिचं."

मग म्हणाले, "फोडू नगंस. मी येतो."

काल आले. रजा टाकून, नवा टॉवेल घेऊन. दोघांनी मिळून तुला गुंडाळलं. आण्णांनी टॉवेलची गाठ हनुवटीखाली मारली. रिक्षानं स्टँडवर गेलो. मी म्हटलं, मी येते सोडायला घरापर्यंत, जड आहे. ते नको म्हणाले. वारणानगरच्या गाडीत चढले, खिडकीकडं तुला ठेवलं आणि स्वतः शेजारी बसले, एक हात मागून टाकून. मी खाली उभी होते.

कंडक्टर आला. म्हणाला, "पावणं, काय हाय त्यात? जागा अडवलीय. वर ठेवा की रॅकवर."

आण्णा म्हणाले, "वर न्हाय ठेवायचं. मंडळी हायत आमची."

कंडक्टर हसला. मागच्या सीटवरचे दोघे पण हसले. तो म्हणाला, "मंडळी हायत? मग तिकीट काढाय लागंल त्यांचं."

"काढा की," आण्णा म्हणाले. "एक माझं. एक लेडीज."

कंडक्टरला वाटलं, गंमत चाललीय. पण आण्णा पैसे पुढं धरून बसले होते. हसणं थांबलं. त्यानं आण्णांकडं बघितलं, मग खिडकीतून खाली माझ्याकडं बघितलं, आणि मशीनमधून एक फुल आणि बायकांना असतं तसं एक हाफ, अशी दोन तिकिटं काढून दिली.

मागच्यातला एकजण वाकून टॉवेलमध्ये काय आहे ते बघायला लागला. आण्णांनी टॉवेल पुढं ओढला, नाकाच्या पुढंपर्यंत, आणि हात तसाच धरून ठेवला. गाडी सुटली तेव्हाही धरलेला होता. त्यांनी माझ्याकडं बघून मान हलवली, पण हात काही सोडला नाही.

तर तुझं तोंड कुणी बघितलेलं नाही. वर्ग आणि परीक्षक सोडले तर कुणीही नाही. ते आता कॉलनीतल्या आतल्या खोलीत, फळीवर आहे. आण्णांनी फोन करून एवढंच सांगितलं, "पोचलो."

आज शेडमध्ये कुणी नव्हतं. मुलं गावाला गेलीत. मी हौदातली माती काढून मळली. तुझ्या डोक्याची माती त्या हौदातच गेली, आता सगळ्यांच्या मातीत मिसळली असेल. नवीन सांगाडा उभा केलाय. अजून कुणाचं करायचं ते ठरलेलं नाही. उदयसिंहकाकांनी जूनपासून कामाला ये म्हटलंय, घोडा पुरा करायचाय.

यापुढं मी पत्र पाठवणार नाही. एखादं चुकून दुसऱ्याच्या हातात पडलं तर सगळं वाया जाईल.

तिकडच्या मुलीचं लग्न पार पडलं की त्या शेजारणीच्या फोनवरून मला एक मिस्ड कॉल दे. मी उचलणार नाही. मला फक्त कळू दे.

तुझी
पुनी